केंद्रकाची प्रतिकृती : छिद्रे उत्तम, आकार देणारी प्रथिने मात्र गायब

अकरावीच्या जीवशास्त्राच्या तासासाठी मी पेशीकेंद्रकाची फायबरची प्रतिकृती विकत घेतली. व्यास ३० सेंटिमीटर, किंमत ३,५०० रुपये. निर्मात्याचे नाव देत नाही, कारण दुकानांत मी पाहिलेल्या इतर प्रतिकृतीही जवळपास अशाच होत्या. वर्षभर वापरून झाल्यावर सांगतो : रंगकाम टिकाऊ आहे, केंद्रकी (केंद्रकातला छोटा गोळा) सहज काढता-बसवता येते आणि शेवटच्या बाकावरूनही सर्व भाग स्पष्ट दिसतात.

सर्वांत चांगली जमली आहेत ती केंद्रकछिद्रे, म्हणजे केंद्रकाच्या दुहेरी आवरणातून ये-जा करण्याची दारे. प्रत्येक छिद्राभोवती आठ पाकळ्यांचे कडे बसवले आहे आणि ही आठाची संख्या अचूक आहे. प्रत्यक्षात हे कडे सुमारे ३० प्रकारच्या प्रथिनांच्या जवळपास हजार रेणूंचे असते. छिद्राच्या काठाशी आवरणाची दोन पटले, आतले आणि बाहेरचे, वळून एकमेकांत मिसळतात, आणि तो तीव्र बाक टिकवून धरण्याचे काम यांतील इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे प्रथिनसंकुल करते. प्रतिकृतीत मात्र दोन वेगळ्या कवचांना भोके पाडून मध्ये कडे चिकटवले आहे, त्यामुळे पटल मुळात अखंड आहे ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या लक्षात येत नाही. बाहेरचे पटल आंतर्द्रव्यजालिकेशी, म्हणजे पेशीतील पटलांच्या जाळ्याशी, सलग असते, तेही दाखवलेले नाही.

प्रमाणाबद्दल माझी तक्रार नाही. केंद्रक १० मायक्रोमीटरचे धरले, तर ही प्रतिकृती त्याच्या ३०,००० पट होते. या हिशेबाने ३० ते ५० नॅनोमीटरची पटलांमधील पोकळी एक-दीड मिलिमीटरची हवी. येथे ती बोटभर रुंद आहे. शिकवण्यासाठी एवढी मोकळीक घ्यावीच लागते.

खरी उणीव आतल्या पटलाला लागून आहे. तेथे लॅमिन प्रथिनांच्या तंतूंचे, जेमतेम १४ नॅनोमीटर जाडीचे, जाळे असायला हवे, आणि ते अजिबात नाही. हे जाळे नसेल तर केंद्रकाला आकार कोण देतो, याचे उत्तर प्रतिकृतीत सापडतच नाही. गोल कवच पाहून विद्यार्थी असेच समजतात की पटल स्वतःच कडक असते. वास्तविक लॅमिनचे जाळे आतून आधार देते, तर सन आणि कॅश या प्रथिनांच्या जोड्या दोन्ही पटले ओलांडून केंद्रकाला पेशीकंकालाशी, म्हणजे पेशीच्या तंतुमय सांगाड्याशी, बांधतात. लॅमिन ए प्रथिनाच्या जनुकातील बिघाडामुळे प्रोजेरिया, म्हणजे लहान मुलांना अकाली वार्धक्य आणणारा दुर्मिळ आजार, होतो, हे २००३ मध्ये उघड झाले. त्या मुलांच्या पेशींतील केंद्रकांना फुगे आणि सुरकुत्या दिसतात. बिघडलेले लॅमिन पटलाला चिकटून राहते, ते सुटत नाही, एवढ्यावरून केंद्रकाचा आकार ढळतो.

ही उणीव मला जाणवली ती रक्ताच्या स्मिअरच्या (काचेवर पसरलेल्या पातळ थराच्या) प्रात्यक्षिकात. लेशमन रंग दिलेल्या काचपट्टीवर न्यूट्रोफिल ही पांढरी रक्तपेशी पाहून एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, याचे केंद्रक तीन-चार तुकड्यांचे कसे? मॉडेल तर गोल आहे." प्रश्न अगदी योग्य होता. ते तुकडे नसून एकाच केंद्रकाच्या, बारीक धाग्यांनी जोडलेल्या, पाळ्या असतात. त्या पडण्यासाठी आतल्या पटलातील लॅमिन बी रिसेप्टर हे प्रथिन पुरेसे असावे लागते. त्याच्या जनुकाची एक प्रत सदोष असलेल्या माणसांत बहुतेक न्यूट्रोफिलांच्या केंद्रकाला दोनच पाळ्या पडतात. पेल्गर-ह्युएट नावाची ही स्थिती सहसा निरुपद्रवी असते, आणि साध्या रक्ततपासणीतही नजरेस येते. पटलातील एका प्रथिनाचे प्रमाण घटले की केंद्रकाचा आकार बदलतो, याचा इतका सोपा दाखला मला दुसरा माहीत नाही, आणि साडेतीन हजारांच्या प्रतिकृतीने त्याला जागाच ठेवलेली नाही.

शेवटी मी जुन्या मच्छरदाणीची जाळी कापून आतल्या कवचाला चिकटवली आणि दोन कवचांमध्ये जाड दोऱ्याचे टाके घातले. खर्च जवळजवळ शून्य, काम एका दुपारचे. केवळ छिद्रे आणि दुहेरी आवरण शिकवायचे असेल तर ही प्रतिकृती जरूर घ्यावी. केंद्रकाचा आकार शिकवायचा असेल तर जाळीची तयारी ठेवून घ्यावी, आणि न्यूट्रोफिलची काचपट्टी त्याच तासाला शेजारी ठेवावी.