गाडी गॅरेजात सोडून वेरूळ बघायला जाणाऱ्यांनो, आधी हे वाचा

67,200 रुपये. न बदललेल्या चार इंजेक्टरचे (इंजिनात डिझेल फवारतात ते). आकडा आधीच सांगून टाकतो.

कन्नडचा घाट चढताना आमच्या कॅम्परचा (टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेली) क्लच घसरायला लागला. छत्रपती संभाजीनगरच्या अलीकडे एका गॅरेजपर्यंत कशीबशी नेली. क्लच सेट 21,400, मजुरी 9,500, माल पुण्याहून येणार, ॲडव्हान्स 30,000. दर वाजवी वाटला, भरले. मग मालक म्हणाला, "दादा, पोराबाळांना घेऊन इथं ग्रीसमध्ये कशाला बसता? वेरूळ बघून या. भाच्याची गाडी आहे, 2,800 मध्ये दिवसभर फिरवेल."

वार होता मंगळवार. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात (अजिंठ्याची सोमवारी, लक्षात ठेवा). आम्ही परगावचे, आम्हाला ठाऊक नसेल. पण ज्याचं दुकान त्याच रस्त्यावर, ज्याचा भाचा पर्यटकच फिरवतो, त्याला ठाऊक नव्हतं? आणि भाचा तरी मुकाट्याने फाटकापर्यंत कसा घेऊन गेला? कैलास लेणं बघायला आलेली मुलं कुलपासमोर उभी होती. मी फोन केला तर म्हणतो, "अरे हो की! मग घृष्णेश्वराचं दर्शन घ्या, दौलताबाद करा, निवांत या." आम्ही काय बघतो याच्याशी त्याला देणंघेणंच नव्हतं. आम्ही गॅरेजात नको होतो, एवढंच. तिथूनच मागे फिरायला हवं होतं, हे आता रोज रात्री डोक्यात येतं. पण मुलांचे चेहरे आधीच उतरलेले, सुट्टी वाया चाललेली; त्या क्षणी कुठला बाप मेकॅनिकवर पाळत ठेवायला परत जाईल?

दौलताबाद किल्ल्याच्या अंधारीतून (काळोख्या भुयारी वाटेतून) वर जाऊन आलो, खाली फोनला रेंज आली, तर चार मिस्ड कॉल आणि एक फोटो. फडक्यावर चार काळेकुट्ट इंजेक्टर. "फोन लागेना म्हणून उघडले. प्रत्येकी 16,800. नाही बदलले तर इंजिन बसेल." तक्रार क्लचची, उघडले इंजेक्टर! फोटोत ना नंबर दिसत होता, ना गाडी. असा फोटो आला तर नंबर प्लेट दिसेल असा व्हिडिओ मागा, लगेच, तिथल्या तिथे. जुने पार्ट मी मागितले होते. "ते एक्स्चेंजमध्ये गेले." एकूण 98,100, उरलेले 68,100 दिल्याशिवाय किल्ली मिळेना. बिल साध्या कागदावर, जीएसटी नंबर नाही.

पुण्यात ओळखीच्या मेकॅनिकने स्कॅनर लावला. प्रत्येक इंजेक्टरवर एक कोड असतो, नवा बसवला की तो ईसीएममध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) भरावा लागतो. इंजेक्टरवरचे आणि ईसीएममधले चारही कोड माझ्या जुन्या सर्व्हिस रिपोर्टमधलेच निघाले. असा रिपोर्ट गाडीत ठेवत जा.

पोलीस ठाण्यात गेलो. "हा दिवाणी मामला आहे, ग्राहक मंचात जा." भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम 318 आहे, असं म्हटलं तर "वकील आहात का?" इथून म्हणतात घटना जिथली तिथे जा, तिथे फोन केला तर प्रत्यक्ष या, पक्कं बिल आणा. अहो, पक्कं बिल दिलं नाही हीच तर तक्रार आहे! 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळलं की पैसे तुम्ही स्वतः यूपीआयने दिलेत, हा सायबर गुन्हा नाही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नीट ऐकून घेतलं, तक्रार क्रमांक दिला, आणि समोरच्याने उत्तर दिलं नाही म्हणून तक्रार बंद केली. म्हणजे लुटणाऱ्याने फक्त गप्प बसायचं आणि खेटे घालायचे आम्ही.

एक मात्र कुणीच सांगितलं नाही, मलाच शोधावं लागलं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत 2 वर्षं. मी पुण्यात केली आहे. जोडलंय ते असं: तो फोटो, यूपीआयच्या पावत्या, दोन्ही स्कॅन रिपोर्ट आणि मंगळवारच्या कॉलची नोंद. त्या पट्ट्यात आणखी कुणाला "गाडी राहू द्या, फिरून या" म्हणत असंच नागवलं असेल, तर आपापल्या जिल्ह्यात तक्रार टाका.