डमी घ्यावी की मैत्रिणीला बसवावं?

पंचवटीतली एक ज्युनिअर हेअरड्रेसर अडलीये: १९२० च्या दशकातल्या फिंगर वेव्हजचा, म्हणजे बोटांनी बसवलेल्या केसांच्या लाटांचा, सराव कशावर करू? डमीवर, म्हणजे केस लावलेल्या सरावाच्या डोक्यावर, की मैत्रिणीवर?

खर्चात मैत्रीण फुकट. डमी घेशील तर सिंथेटिक केसांची नको, केस कुरळे करायच्या तापलेल्या टाँगला ते वितळून चिकटतात. खऱ्या केसांची महाग पडते, पण धुऊन पुन्हा पुन्हा वापरता येते.

वेळेचं म्हणशील, तर वेव्ह ओल्या केसांत जेल लावून, बोटाने दाबून, कंगव्याने उलटसुलट वळवायची आणि पूर्ण वाळू द्यायची. डमी रात्रभर स्टँडवर राहते. मैत्रीण अर्ध्या तासात मान हलवते.

पण भोवरा, कपाळावरची बारीक लव, तेलकट टाळू डमीवर कुठून मिळणार? डमीवर घट्ट बसलेला माझा खोपा मावशीच्या निसरड्या केसांवर गजरा माळताच सुटला होता.

हात बसेपर्यंत डमीच घे. नऊवारीतल्या नवरीचं काम तोंडावर असेल, तर मैत्रीण. केस आदल्या दिवशी धुतलेले असू देत.