नाव १०५० टीआयचं, चिप भलतीच

सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड घेताना मी साडेपाच हजारांना फसलो. नाशिकमध्ये कोणी असं कार्ड बघत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचावं.

मुलगा थ्रीडी ॲनिमेशन शिकतोय. नवीन कार्ड परवडेना, म्हणून शालिमारजवळच्या एका दुकानातून 'एनव्हिडिया जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी' घेतलं. दुकानदाराने तिथेच मशीनला लावून दाखवलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव बरोबर, मेमरीही बरोबर. "काका, डोळ्यांनी बघितलंत ना?" बघितलं होतं. सोबत एक पेनड्राइव्ह दिला, म्हणाला, ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) यातलाच टाका, साइटवरचा नको. हे तेव्हाच खटकायला हवं होतं.

घरी सिडकोत दोन दिवस ठीक गेले. मग जरा मोठा सीन उघडला की पडद्यावर रंगीबेरंगी चौकोन, आणि मशीन हँग. रॅम काढून खोडरबरने पुसून बसवली. विंडोज पुन्हा टाकलं. १,८०० रुपयांचा नवा पॉवर सप्लाय आणला. एनव्हिडियाच्या साइटवरचा ड्रायव्हर टाकला, तर स्क्रीनच काळी. दुकानदार फोनवर म्हणे, मदरबोर्ड जुना आहे तुमचा. आठवडाभर आम्ही त्या बिचाऱ्या मदरबोर्डलाच दोष देत बसलो. मुलाच्या सबमिशनची तारीख गेली, त्याचं मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटतं.

शेवटी त्याच्या मित्राने जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर चालवायला लावलं. कार्डाच्या नावाआधीच कंसात 'फेक' असा शब्द, आणि लोगोच्या जागी पिवळा त्रिकोण! शेडर्स, म्हणजे चित्राची आकडेमोड करणारी चिपमधली छोटी युनिट्स, १९२. खऱ्या १०५० टीआयला ७६८ असतात.

तरी खात्री करायला पवननगरमधल्या ओळखीच्या रिपेअरवाल्याकडे गेलो. त्याने पंखा आणि हीटसिंक काढलं, वाळून खडखडीत झालेली पेस्ट कापडाने पुसली आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरला. चिपवर अक्षरं उमटली: जीएफ११६. खऱ्यावर जीपी१०७ असतं. १०५० टीआय बाजारात आलं २०१६ मध्ये. ही चिप २०११ च्या कार्डांवरची.

कार्ड आपली ओळख स्वतःच्या बायोसमधून, म्हणजे त्यातच साठवलेल्या छोट्या प्रोग्राममधून, सांगतं. तो बायोस कोणीतरी बदलला होता, आणि विंडोज बिचारं तेच वाचून दाखवत होतं. ४ जीबीही तसेच, लिहिलेले. आत मेमरी १ जीबीच, त्यामुळे काम त्यापलीकडे गेलं की सगळं कोसळायचं.

एक खूण तर सॉफ्टवेअरशिवाय दिसते. १०५० टीआयच्या पिढीपासून एनव्हिडियाने ॲनालॉग आउटपुट, म्हणजे व्हीजीएला लागणारा जुना सिग्नल, काढून टाकलं. आमच्या कार्डाला मागे निळा व्हीजीए पोर्ट होता, आणि जुना मॉनिटर चालेल म्हणून मी उलट खूश झालो होतो. तुम्हाला तो दिसला, तर पैसे खिशातच ठेवा. नाहीतर जीपीयू-झेड पेनड्राइव्हवर घेऊन जा आणि दुकानातच चालवायला सांगा. नको म्हणाला, तर निघून या.

परत गेलो, तर दुकानदाराने माझीच पावती पुढे केली. 'ग्राफिक कार्ड, १ नग.' मॉडेलचं नाव कुठेच नाही. पावतीवर मॉडेल, मेमरी आणि सीरियल नंबर लिहून घ्याच.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. यूपीआयची नोंद आणि चिपचा फोटो जपून ठेवलाय. मुलगा म्हणाला, "बाबा, विकून टाकू." मी नाही म्हटलं. कार्ड कपाटात आहे, पंखा काढलेलं, चिप उघडी.