चाइमची एफआरबी यादी: शिकायला अव्वल, पुनर्आयनीकरणाला अपुरी

छत्रपती संभाजीनगरला किंवा नांदेडला एम.एस्सी. फिजिक्सच्या प्रकल्पासाठी 'एफआरबी आणि पुनर्आयनीकरण' हा विषय घेतला, की कॅनडातल्या चाइम या रेडिओ दुर्बिणीची 2021 सालची पहिली यादी हाताशी लागते. एफआरबी म्हणजे दूरच्या दीर्घिकांतून येणारे काही मिलिसेकंदांचे रेडिओ स्फोट; पुनर्आयनीकरण म्हणजे पहिल्या ताऱ्यांच्या आणि दीर्घिकांच्या प्रकाशाने विश्वातल्या हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटे झाले तो काळ. 25 जुलै 2018 ते 1 जुलै 2019 या काळातले 536 रेडिओ स्फोट तिच्यात आहेत, तेही मोफत. मुख्य सीएसव्ही फाइल इतकी लहान आहे, की गावात मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही उतरते आणि 4 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर आरामात उघडते. वॉटरफॉलच्या, म्हणजे वेळ आणि वारंवारतेनुसार स्फोटाचं चित्र देणाऱ्या, फाइली जड आहेत. हव्यात तेवढ्याच घ्या.

फाइल उघडल्यावर पहिला घोळ ओळींचा होतो. एकाच स्फोटाच्या प्रत्येक उपस्फोटाला वेगळी ओळ दिली आहे, त्यामुळे ओळी 536 पेक्षा जास्त भरतात. सरासरी काढण्याआधी उपस्फोट क्रमांक शून्य असलेल्या ओळीच ठेवा. रिकाम्या जागी -9999 असतं. ते काढलं नाही तर आलेख बिघडतो. स्कॅटरिंगच्या (वाटेतल्या वायूने स्पंद किती लांबला त्याच्या) रकान्यात काही आकड्यांआधी 'पेक्षा कमी' हे चिन्ह आहे, म्हणून पायथॉन तो अख्खा रकाना मजकूर समजतं. फ्लुएन्स, म्हणजे स्फोटातून दुर्बिणीपर्यंत पोचलेल्या ऊर्जेचं माप, इथे फक्त किमान मर्यादा आहे; तिच्यावरून ऊर्जा काढून मोठे निष्कर्ष मांडू नका.

यादीचं खरं सोनं डीएममध्ये आहे. डीएम (डिस्पर्शन मेजर) म्हणजे वाटेत लागलेल्या मुक्त इलेक्ट्रॉनांची एकूण मोजणी, एकक पार्सेक प्रति घन सेंटिमीटर; तो जितका जास्त, तितक्या कमी वारंवारतेच्या लहरी उशिरा पोचतात. डीएम 500 असेल तर 400 मेगाहर्ट्झची लहर 800 च्या मागून 9.7 सेकंदांनी पोचते. आकाशगंगेचा वाटा वजा केलेले रकाने आकाशगंगेतल्या इलेक्ट्रॉनांच्या एनई2001 आणि वायएमडब्ल्यू16 या दोन्ही प्रारूपांनी तयार आहेत. पण वजा झाली आहे ती फक्त तबकडी. तबकडीभोवतीच्या विरळ वायूच्या प्रभामंडळाचे सुमारे 50 आणि स्फोट जिथे झाला त्या यजमान दीर्घिकेचा वाटा तुम्हालाच काढावा लागतो. यजमानाचा वाटा एक अधिक ताम्रसृतीने (विश्वाच्या प्रसरणाने लहर किती ताणली गेली याचं माप; जास्त म्हणजे जास्त दूर) भागायला विसरू नका.

उरलेल्या डीएमचे 1,000 म्हणजे ताम्रसृती 1, हा ढोबळ हिशेब. तो कुठे फसतो ते एफआरबी 20190520बी दाखवतो. त्याचा डीएम सुमारे 1,200, म्हणजे या हिशेबाने ताम्रसृती 1 च्या आसपास यायला हवी. मोजली तर ती 0.241 निघाली. बाकीचा बराचसा डीएम यजमान दीर्घिकेत आणि वाटेतल्या दीर्घिकासमूहांत जमला होता. या यादीतल्या बहुतेक स्फोटांची जागा इतकी ढोबळ आहे, की यजमान सापडत नाही आणि ताम्रसृतीही मोजता येत नाही. दुरुस्ती करायला आधारच उरत नाही.

आता मूळ प्रश्न. पुनर्आयनीकरण ताम्रसृती 6 च्या सुमारास संपलं. त्यापलीकडे हायड्रोजन उदासीन होत जातो, मुक्त इलेक्ट्रॉन घटतात, म्हणून डीएमची वाढ 5,000 ओलांडल्यावर थबकायला हवी. ती कुठे थबकते, हेच पाहायचं आहे. हे साधलं तर प्लँक उपग्रहाच्या 0.054 या प्रकाशीय खोलीला (मुक्त इलेक्ट्रॉनांनी वैश्विक पार्श्वप्रारण किती विखुरलं याचं माप) स्वतंत्र पडताळा मिळेल. पण या यादीतला सर्वांत मोठा डीएम सुमारे 3,000 आहे. शोधयंत्रणा 13,000 पर्यंत पाहते, तरी डीएम 5,000 असताना 400 मेगाहर्ट्झला 24.4 किलोहर्ट्झच्या एकाच वाहिनीत स्पंद सुमारे 16 मिलिसेकंद फासला जातो. एका मिलिसेकंदाचा मंद स्फोट त्यात विरूनच जाईल. वरच्या वारंवारतेला ही अडचण झपाट्याने कमी होते, म्हणून दूरच्या स्फोटांसाठी दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅटसारख्या दुर्बिणींकडे पाहावं. मीरकॅटला सापडलेल्या एफआरबी 20240304बीची ताम्रसृती 2.148 मोजली गेली आहे.

प्रकल्पाचं शीर्षक 'डीएमचं वाटप आणि यजमानाच्या वाट्याची अनिश्चितता' असं ठेवलं तर ही यादी भरभरून देते. पुनर्आयनीकरणच हवं असेल, तर तिच्यावरून डीएमचं वितरण घ्या, ताम्रसृती 6 ते 10 मधले कृत्रिम स्फोट तयार करा आणि किती स्फोट मिळाले तर तो थांबा उठून दिसतो, ते तपासा.