मृत्युपत्राला आव्हान: प्रोबेटमधील हरकत, दिवाणी दावा की तडजोड?

शेवटच्या आजारपणात आई किंवा काका ज्याच्या घरी राहिले, त्याच्याच नावे सारी मिळकत करणारे मृत्युपत्र त्यांच्या निधनानंतर पुढे आले, तर इतर वारसांच्या मनात संशय येणे स्वाभाविक आहे. मात्र वकिलाकडे जाण्यापूर्वी ते मृत्युपत्र अवैध ठरले तर आपल्या पदरात नेमके काय पडेल, हे पाहावे. पूर्वीचे वैध मृत्युपत्र असेल तर ते लागू होण्याची शक्यता असते, आणि त्यातही तुमचे नाव नसेल तर लढाई जिंकूनही हाती काही लागत नाही. पूर्वीचे मृत्युपत्र नसेल तर मिळकत वारसाहक्काने वाटली जाते. हिंदू पुरुषाच्या बाबतीत पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गातील वारस असतात, त्यामुळे मुले हयात असताना पुतण्याला काहीच मिळत नाही.

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 61 नुसार फसवणूक, जबरदस्ती किंवा व्यक्तीचे स्वातंत्र्यच हिरावून घेईल इतका आग्रह यांमुळे झालेले मृत्युपत्र शून्य ठरते. येथे अनेकांची गफलत होते. सेवा करणे, मर्जी संपादन करणे, एवढेच नव्हे तर आपल्याला अधिक मिळावे म्हणून विनवणी करणे हा दबाव नव्हे. ज्याने वर्षानुवर्षे औषधपाणी केले त्याला झुकते माप मिळाले, तर न्यायालयाला ते नैसर्गिकच वाटू शकते.

दबाव होता असे म्हणणाऱ्यालाच तो सिद्ध करावा लागतो, आणि बंद खोलीत काय घडले याला बहुधा साक्षीदार नसतो. याउलट, मृत्युपत्र विधिवत झाले आहे हे सिद्ध करण्याची आणि त्याभोवतीच्या संशयास्पद परिस्थितीचे निरसन करण्याची जबाबदारी ते पुढे करणाऱ्यावर असते. सर्वोच्च न्यायालयाने 1958 मध्ये एच. व्यंकटचल अय्यंगार विरुद्ध बी. एन. तिम्मजम्मा या प्रकरणात हे स्पष्ट केले. म्हणून माझे ठाम मत असे आहे की, पुरावा भक्कम नसेल तर सारी भिस्त दबावाच्या आरोपावर ठेवू नये, संशयास्पद परिस्थिती हाच मुख्य मुद्दा करावा आणि दबाव त्याच्या जोडीला मांडावा.

अशी परिस्थिती बारकाव्यांत सापडते. आयुष्यभर सही करणाऱ्या माणसाचा कागदावर अंगठा का आहे? मसुदा त्यांना न समजणाऱ्या भाषेत असेल, तर तो कोणी वाचून दाखवला? साक्षीदारांना कोणी बोलावले, वकील कोणी ठरवला, आणि त्या दिवशीच्या रुग्णालयातील नोंदींत गुंगीची औषधे दिसतात का? कलम 63 प्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात आणि त्यांपैकी किमान एकाला सामान्यतः न्यायालयात यावे लागते, त्यामुळे त्याच्या उलटतपासणीवर बरेच काही ठरते. मृत्युपत्र नोंदणीकृत आहे म्हणून खचून जाऊ नये; नोंदणीमुळे त्याला बळ मिळते, परंतु केवळ त्यामुळे ते खरे ठरत नाही.

समोरच्याने प्रोबेटसाठी, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयाकडून प्रमाणित करून घेण्यासाठी, अर्ज केला असेल, तर कॅव्हेट (आपले म्हणणे ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये अशी सूचना) दाखल करून हरकत घेणे हा मला सर्वांत सरळ मार्ग वाटतो. अर्ज त्याचा असल्याने मृत्युपत्र सिद्ध करण्याचे ओझेही त्याच्यावरच राहते आणि हरकत आल्यावर ते प्रकरण दाव्यासारखे चालते. परंतु प्रोबेट न्यायालय मृत्युपत्र खरे की खोटे एवढेच पाहते, मालकीचा वाद ते ठरवत नाही. मिळकत वडिलोपार्जित होती, ती संपूर्णपणे मृत्युपत्राने देण्याचा अधिकारच मृत व्यक्तीला नव्हता, असे तुमचे म्हणणे असेल, तर वाटप आणि जाहीरनाम्याचा (न्यायालयाने आपला हक्क जाहीर करावा यासाठीचा) दिवाणी दावा करावा लागतो. त्यात तात्पुरता मनाई हुकूम मागून विक्री रोखता येते, मात्र कोर्ट फी आणि सुरुवातीचा खर्च तुमच्यावर पडतो. जाहीरनाम्यासाठी सर्वसाधारणपणे 3 वर्षांची मुदत असते. केवळ तलाठ्याकडे फेरफाराला हरकत घेऊन थांबणे पुरेसे नाही, कारण महसुली नोंदीने मालकी ठरत नाही.

मध्यस्थीने तडजोड करणे हा दुबळ्याचा मार्ग आहे, असे मी मानत नाही. दोन्ही बाजूंकडे अर्धवट पुरावा असेल, किंवा विधवा आईला राहत्या घरातून हलवणे कोणालाच नको असेल, तर न्यायालय देऊ शकणार नाही अशी व्यवस्था तडजोडीत बसवता येते. प्रलंबित दाव्यात झालेली तडजोड लेखी, सर्वांच्या सह्यांची असावी आणि तिच्या आधारे हुकूमनामा करून घ्यावा. मात्र समोरचा मिळकत विकायला निघाला असेल, तर आधी मनाई हुकूम आणि मग बोलणी, हाच क्रम ठेवावा.

कोणताही मार्ग निवडला तरी निर्णय होईपर्यंत हक्कसोडपत्रावर सही करू नये आणि त्या मृत्युपत्राखाली मिळणारी रक्कम स्वीकारू नये, कारण लाभ घेतल्यानंतर त्याच कागदाला आव्हान देणे फार अवघड होऊन बसते.