पिढ्या मोजायच्या, पण कुठल्या कागदांवरून?

अमेरिकेतल्या मेक्सिकन कुटुंबांची नातवंडं तिथे कितपत मिसळली, यावर प्रबंध लिहायचा तर आधी आकडे कुठले घ्यायचे ते ठरवावं लागतं.

सगळ्यात हाताशी असलेलं म्हणजे अमेरिकी सरकारचं दरमहा होणारं ‘चालू लोकसंख्या सर्वेक्षण’ (Current Population Survey). आईवडिलांचा जन्म कुठला, हा प्रश्न जनगणनेतून १९७० नंतर गेला. या सर्वेक्षणात १९९४ पासून तो आहे. आकडे फुकट आणि ताजे. पण आजी-आजोबांबद्दल प्रश्न नाही, त्यामुळे तिसरी, चौथी, पाचवी पिढी एकाच गाठोड्यात. आणि त्यात मेक्सिकन कोण, तर जो स्वतःला तसं म्हणवतो तो! ब्रायन डंकन आणि स्टीफन ट्रेहो या अर्थतज्ज्ञांनी आईवडिलांच्या घरी राहणारी मुलं घेऊन, त्या आईवडिलांच्या उत्तरांवरून आजी-आजोबांचं जन्मस्थान शोधलं, तेव्हा तिसऱ्या पिढीतली सुमारे ३० टक्के मुलं स्वतःला मेक्सिकन म्हणवत नसल्याचं दिसलं. ही मुलं बहुतेक मिश्र विवाहांतली, जास्त शिकलेल्या घरांतली. म्हणजे जे सर्वांत जास्त मिसळले तेच तक्त्यातून गळतात, आणि उरलेली तिसरी पिढी आहे त्याहून मागासलेली दिसते. शिवाय आजचे नवे स्थलांतरित हे आजच्या तिसऱ्या पिढीचे आजोबा नव्हेतच, त्यामुळे एकाच वर्षाच्या आकड्यांतून पिढ्यांची तुलना फसवी ठरते.

जुन्या जनगणनांतली नावं जुळवून बाप-लेक शोधले तर ही तुलनेची अडचण सुटते. रॅन अब्रामित्स्की आणि लिआ बुस्टान या अर्थतज्ज्ञांचं काम याच वाटेचं. मात्र नावं ७२ वर्षांनीच खुली होतात. १९५० ची २०२२ मध्ये झाली. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुली सापडत नाहीत. (मराठी कुटुंबांवर काम करायचं असेल तर ही वाट विसरा, आपली बहुतेक मंडळी अमेरिकेच्या १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर गेलेली.)

तिसरी वाट मला सर्वांत पटते, ती त्याच घरांकडे परत जाण्याची. १९६५ च्या सुमारास लॉस एंजेलिस आणि सॅन अँटोनियोत घेतलेल्या मुलाखतींचे कागद पुढे विद्यापीठाच्या ग्रंथालयात सापडले. एडवर्ड टेलेस आणि विल्मा ऑर्टिझ या समाजशास्त्रज्ञांनी २००० च्या आसपास त्याच माणसांना आणि त्यांच्या मुलांना गाठलं. इंग्रजी पिढीगणिक पक्की होत गेली होती, शिक्षण मात्र दुसऱ्या पिढीनंतर अडलं होतं. सरासरीच्या एका आकड्यात हे दोन्ही दिसलं नसतं. शहरं दोनच, हे खरं.

हाताशी वर्षभरच असेल तर सर्वेक्षणच घ्या, पण वंशाचा रकाना बाजूला ठेवून, डंकन-ट्रेहोंसारखी, जन्मस्थानावरून पिढी ठरवा.