घरच्या सुतारकामासाठी जपानी र्‍योबा करवत
र्‍योबा करवत ढकलताना नव्हे, तर आपल्याकडे ओढताना कापते. त्यामुळे पाते ताणात राहते, ते पातळ ठेवता येते आणि कापाची फटही अरुंद पडते. पात्याच्या एका कडेला लाकडाच्या रेषांच्या दिशेने कापणारे, तर दुसऱ्या कडेला आडवे कापणारे दात असतात. सागवानी मांडणीचे कुसू (दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसणारे टोक) कापताना जी सफाई मिळाली, ती मला नेहमीच्या करवतीने कधीच साधली नव्हती, आणि केवळ त्यासाठीही मी ती मनापासून सुचवेन. मात्र सागातील सिलिकामुळे धार लवकर जाते, आणि उष्णतेने कडक केलेल्या दातांना कानशीने पुन्हा धार लावता येत नाही. म्हणून पाते बदलता येणारीच करवत घ्यावी. गाठीच्या लाकडात जोर लावू नये, दात तुटतात.